रेशीम

मोगोकच्या डोंगरात खाणीबाहेर खडीचा लोंढा वाहतो,
त्यात मी बत्तीस वर्षं वाकून उभी होते.
खाण मालकाची, टाकलेलं आम्हा बायकांचं,
असा तिथला जुना रिवाज.
हातात वेताची चाळण. गोल, गोल, एक झटका.
डोळा फक्त लालाच्या मागावर,
बाकी सगळं पाण्याला परत.

पहिल्या दिवशी सयाले केतुमाला म्हणाली,
पोट फुगतं ते पाहा, ओसरतं ते पाहा.
मी मनात म्हटलं, हे तर सोपं.
घटकाभरात गुडघे पेटले.
मग खाज. मग स्वयंपाकघरातून तळलेल्या कांद्याचा वास,
मग तांदूळवाल्याची उधारी.
मी एकेक उचलून फेकत राहिले, जशी खडी फेकते.
लाल काही येईना.

तिला सांगितलं, तर ती जवळजवळ हसलीच.
"इथं निवडायचं नाही, दॉ न्वे यिन.
चाळणीत येईल ते बघायचं.
करडं आलं, करडं. दुखलं, दुखतंय."
बत्तीस वर्षांच्या हाताला हे कसं कळावं?

पाचव्या दिवशी कधीतरी
गुडघ्यातली आग इतक्या जवळून पाहिली
की ती आग उरलीच नाही.
नुसते बारीक टोचे, तापल्या तव्यावरच्या थेंबांसारखे,
येता येताच विझणारे.
दुखत होतंच. पण कुणाला, ते क्षणभर सापडेना.

संध्याकाळी मेत्ता.
आधी स्वतःला: मी सुखी असो.
लाज वाटली, आपल्याच कालवणाची तारीफ केल्यासारखी.
मग आई. ती लगेच आली, गालांना थनाखा लावून.
मग नाक्यावर बाटल्यांतून पेट्रोल विकणारा पोरगा,
ज्याचं नाव मला आजही माहीत नाही.
आणि मग तो,
ज्याच्या नावानं जीभ कडू होते.

ऊ पान ठा.
माझा मुलगा तापानं फणफणलेला,
लोंजीच्या गाठीत वाटाण्याएवढा खडा.
त्यानं तो उन्हात धरला, फिरवला,
पितळी तबकात टाकला. टिंग.
"लाल आहे, पण माणिक नव्हे. स्पिनेल."
मी स्पिनेलच्या भावात दिला.
तीन महिन्यांनी कळलं, तोच खडा मंडालेला गेला,
आणि त्यावर कुणाचं तरी दुमजली घर उठलं.
मुलाचा उजवा पाय अजून काडीसारखा आहे.

तो सुखी असो.
माशाचा काटा. घशात.
सयाले म्हणाली, "मग तसंच म्हणा. अडकलंय. अडकलंय."
उपदेश नाही, पाठीवर हातसुद्धा नाही.
दहा दिवस संपले.
अडकलेलं घेऊनच घरी आले.

खऱ्या माणकाच्या पोटात बारीक सुया असतात,
एकमेकींना छेदणाऱ्या. आम्ही त्यांना रेशीम म्हणतो.
काचेत ते नसतं.
अगदी निर्मळ दिसतो, त्या खड्याचा आधी संशय घ्यावा.

बाजारात छत्र्यांखाली तबकं मांडलेली.
ऊ पान ठा खुर्चीत, पाय मोड्यावर.
मला ओळखलं की नाही, कोण जाणे.
"बाई, जरा बघता का? नातू बाहेर गेलाय,
गिऱ्हाईक खोळंबलंय."

खडा तळहातावर घेतला, उन्हात धरला.
एका शब्दाचं काम होतं: स्पिनेल.
तो शब्द वर येताना मी पाहिला,
छातीतून, गरम, आणि किती गोड.
फुगतंय. फुगतंय.
मग ओसरला. माझं त्यात काही कर्तब नाही.

"माणिक आहे," मी म्हटलं. "आत रेशीम आहे, दाट."

त्यानं खडा पार नाकाशी नेला, डोळे बारीक केले.
"मला हल्ली लाल आणि काळं सारखंच.
हल्ली कसलं, कितीतरी वर्षं."

किती वर्षं, ते मी विचारलं नाही.
त्यानं चहा मागवला.
गरम होता.
काट्याच्या बाजूनं उतरला.